स्टेशनच्या उलट्या दिशेने

डोंबिवली म्हटलं की गर्दीची लोकल, एवढंच डोळ्यांसमोर येतं? मग एखाद्या सुट्टीच्या सकाळी 'डाउन' गाडीत बसा आणि वर्षभर या शहरात काय काय चालतं ते बघून या. खिडकीची सीट हमखास मिळेल!

"कुठे राहतेस?"

"डोंबिवली."

"बाप रे! रोज?"

नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी हा संवाद ठरलेला. त्यातला तो 'रोज?' फार भारी असतो. मी जणू दररोज दोन घाट चढून आणि एक नदी पोहून कामावर येते, असा समोरच्याचा चेहरा होतो. पुढचे प्रश्नही पाठ आहेत. चढायला मिळतं का? ठाण्याला उतरायला मिळतं का? 'डोंबिवली फास्ट' बघितलास का? (बघितलाय. निशिकांत कामतचा, २००५ चा. त्यातला नायक वैतागून बॅट घेऊन रस्त्यावर उतरतो तेव्हा आमच्या घरातले सगळे शांतपणे माना डोलावत होते.) पण 'तुमच्या डोंबिवलीत बघण्यासारखं काय आहे गं?' हे मला आजवर कुणीही विचारलेलं नाही.

आणि खरं सांगू? विचारलं असतं तर मलाच उत्तर देता आलं नसतं.

गेट ते प्लॅटफॉर्म

जन्म डोंबिवलीचा, शाळा डोंबिवलीची. पण कॉलेज सुरू झालं आणि माझं शहर आकसत आकसत एका रस्त्याएवढं झालं. बिल्डिंगच्या गेटपासून प्लॅटफॉर्मपर्यंत. चालत आठ मिनिटं, धावत पाच. त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मला तोंडपाठ होता, पण डावीकडच्या गल्लीत काय आहे ते माहीत नव्हतं. तिकडे जायचं कामच काय?

सीएसएमटीपासून डोंबिवली साधारण ४८ किलोमीटर. फास्ट गाडी मिळाली, वेळेवर आली आणि आपण तिच्यात शिरलो, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर सव्वा तासाच्या आत मुंबई. नाही जुळल्या तर दिवसाचा पहिला लेटमार्क. संध्याकाळी तेच उलटं. स्टेशनबाहेर पडताना पोळीभाजी केंद्रातून चार पोळ्या आणि पाव किलो भाजी घ्यायची, घरी जायचं, झोपायचं. (ही पोळीभाजी केंद्रं हा डोंबिवलीचा कणा आहे. त्यांच्यावर कुणीतरी पीएचडी करायला हवी.) रविवार? रविवारी आम्ही झोपायचो.

२०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती. आता ती कितीतरी वाढली असणार. त्यातले माझ्यासारखे किती असतील? शहरात राहतो म्हणायचं, पण खरं तर तिथे फक्त झोपायला येतो. मॉलमध्ये चक्कर मारायची तर ठाणे, पिक्चर ठाणे, पार्टी अंधेरी. डोंबिवलीत काय, तर चादर आणि उशी.

२०२४ च्या शेवटी मी उशीही हलवली. दोन मैत्रिणींबरोबर गोरेगावला भाड्याने फ्लॅट घेतला. सामान टेम्पोत चढवताना आई काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "पाडव्याला ये हो."

चाळणी, दोरी आणि वही

पाडव्याचं आमच्याकडे जरा वेगळं आहे. आज ठाणे, गिरगाव, पुणे, नाशिक... जिकडे बघावं तिकडे गुढीपाडव्याला स्वागतयात्रा निघते. नऊवारी, फेटा, गॉगल आणि बुलेट हा फोटो तर आता पेपरच्या पहिल्या पानाचा मानकरी झालाय. पण याची सुरुवात झाली ती १९९९ साली, डोंबिवलीत. श्री गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने. हे देऊळ १९२४ पासूनचं. नव्या वर्षाचं स्वागत घराघरांत वेगवेगळं करण्यापेक्षा सगळ्या शहराने रस्त्यावर येऊन एकत्र करावं, अशी साधी कल्पना होती. शाळा, मंडळं, वाचनालयं, वेगवेगळ्या समाजांच्या संस्था, सगळे एका रांगेत. पुढे गणपतीची पालखी, मागे चित्ररथ, लेझीम, ढोल-ताशे.

म्हणजे ही यात्रा आणि मी, दोघी साधारण एकाच वयाच्या. फरक इतकाच, की ती दर वर्षी आदल्या वर्षीपेक्षा मोठी झाली आणि मी दर वर्षी खिडकीतून तिचे ढोल ऐकत कूस बदलली.

आई मात्र पहिल्या काही वर्षांपासून रांगोळीवाल्यांत. पाडव्याच्या आदल्या रात्री आमच्या भागातल्या रस्त्यावर मोठ्या रांगोळ्या काढणारा हा पंधरा-वीस जणांचा ग्रुप. त्यात बँकेतले, शाळेतल्या बाई, एक रिक्षावाले दादा, दोन-तीन आज्या. ग्रुपला नाव नाही, अध्यक्ष नाही. एक वही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, हिशेबाची असते तशी. कोण येणार, कोण कुठला रंग आणणार, चहा कुणाकडून, सगळं त्यात. ही वही आमच्या मागच्या बिल्डिंगमधले एक काका ठेवायचे.

२५ मार्च २०२०. त्या वर्षीचा पाडवा आणि देशभरातल्या लॉकडाउनचा पहिला दिवस एकच होता. यात्रा रद्द. काकांनी फोनवरून प्रत्येकाला आपापल्या दारात रांगोळी काढायला लावली आणि वहीत तारखेसमोर 'घरोघरी' असं लिहिलं. २०२१ चा पाडवाही घरातच गेला. त्यानंतरच्या लाटेत काका गेले. २०२२ चा पाडवा २ एप्रिलला आला. राज्यातले कोरोनाचे निर्बंध उठले ते त्याच दिवसापासून. ढोल पुन्हा वाजले. वही तोवर आमच्या घरी आली होती. काकूंनी ती आईला देऊन टाकली होती.

हे सगळं मला कधी कळलं? २०२५ च्या मार्चमध्ये. पाडवा होता रविवारी, ३० तारखेला. शनिवारी दुपारी आईचा फोन. "अगं, गुडघा धरलाय. मला खाली बसताच येत नाहीये. माझ्या जागी तू बसशील का?"

मी काय काय कारणं दिली ते इथे छापणार नाही. शेवटी गेले. रात्री साडेदहाला पोचले तेव्हा रस्ता झाडून, पाणी मारून तयार होता आणि एक काकू खिळ्याला दोरी आणि दोरीला खडू बांधून भलंमोठं वर्तुळ आखत होत्या.

"कोणाची गं तू?"

आईचं नाव सांगितलं.

"हां, ती गोरेगावला गेलेली. बस. आधी चाळणी घे."

संस्कारभारतीची रांगोळी आपण लग्नात, ऑफिसच्या दिवाळीत बघतो. मला वाटायचं, कलाकार लोक येतात आणि हातोहात काढून जातात. तसं नाही, मंडळी! आधी खडूने आखणी. मग चाळणीने रंग अंथरायचा, सगळीकडे सारखा. हात जरा जास्त हलला की डाग. त्यावर पांढरी रांगोळी पाचही बोटांतून एकाच वेळी सोडायची, म्हणजे पाच समांतर रेघा पडतात. काकूंच्या पडत होत्या. माझ्या हातून दोन रेघा, एक ढीग आणि बाकी नुसता सडा पडत होता. "सोड, दाबू नकोस," काकू म्हणाल्या. "मुठीतून वाळू सोडतेस तशी सोड." पाडव्याची आदली रात्र म्हणजे अमावास्या, त्यामुळे सगळा भरवसा रस्त्यावरच्या दिव्यांवर. तोही आमच्याच डोक्यावरचा बंद. मग रिक्षावाल्या दादांनी रिक्षा आणून हेडलाइट लावला.

दीड वाजता चहा आला. तीन वाजता माझी कंबर गेली. पहाटे साडेचारला शेवटच्या कमळाची शेवटची पाकळी भरली. मान वर केली तर आई उभी. प्लॅस्टिकची खुर्ची हातात घेऊन हळूहळू चालत आली होती. खुर्ची टाकून बसली आणि म्हणाली, "डावीकडचा शंख तू काढलास ना?"

"कसं ओळखलंस?"

"वाकडा आहे."

सकाळी पालखी आली, ढोल आले, भगवे फेटे आले, बुलेटवरच्या नऊवारीतल्या मुली आल्या. लोक रांगोळीला वळसा घालून जात होते. माझ्या वाकड्या शंखाशी एक छोटी मुलगी थांबली आणि बाबांना म्हणाली, "हे काय आहे?" बाबा म्हणाले, "बदक."

असू दे. त्या दिवशी मी पहिल्यांदा माझ्या शहरात स्टेशनच्या उलट्या दिशेने चालत होते. आणि अख्खं शहरही त्याच दिशेने चाललं होतं.

फडके रोड: ड्रेस कोड पारंपरिक

त्यानंतर मी ठरवलं, आता वर्षभर ही भानगड नीट बघायची. फ्रीलान्स पत्रकार असण्याचा एक फायदा, सुट्टी मागायला बॉस नसतो. (तोटा: पगार द्यायलाही नसतो.)

डोंबिवलीचं सगळ्यात हॅपनिंग ठिकाण म्हणजे फडके रोड. पूर्वेला स्टेशनजवळून गणेश मंदिराकडे जाणारा हा रस्ता एरवी साडीची दुकानं, खाऊची दुकानं आणि रिक्षांचे हॉर्न यांनी भरलेला असतो. पण दिवाळीच्या पहिल्या दिवशी, नरकचतुर्दशीला सकाळी, तो वाहनांना बंद होतो आणि तिथे फक्त तरुण पब्लिक असतं. अभ्यंगस्नान, फराळ, गणपतीचं दर्शन आणि मग फडके रोड. कुणी आमंत्रण देत नाही, तिकीट नाही, आणि जमायचं कुठे हे विचारायची गरजही पडत नाही. शाळेतल्या बाकावरचे, दहावीनंतर कधीच न भेटलेले, लग्न होऊन पुण्याला गेलेले, अमेरिकेतून आठवड्यासाठी आलेले, सगळे झब्बा आणि साडीत हजर. सोशल नेटवर्किंगचा फंडा जगाला कळायच्या कितीतरी आधी डोंबिवलीकरांनी तो रस्त्यावर राबवून दाखवला होता. किती लग्नं इथे पहिल्यांदा 'दिसली', याची नोंद कुणी ठेवलेली नाही. ठेवायला हवी होती.

माझी रूममेट नागपूरची. तिला मी घेऊन गेले. पहिली दहा मिनिटं ती म्हणत होती, "अगं, पण इथे नेमकं असतं काय?" स्टेज शोधत होती बिचारी. मग तिच्या लक्षात आलं की इथे काहीच 'असत' नाही. माणसं येतात, हाच कार्यक्रम. अकरा वाजेपर्यंत ती माझ्या शाळेतल्या चौघांची मैत्रीण झाली होती आणि मी आमच्या गणिताच्या बाईंसमोर, मासिक सोडून 'हे असं फ्री... काय म्हणतात ते' का करते, याचा खुलासा देत उभी होते.

एक टिप. सकाळी लवकर जा. नऊनंतर चप्पल हातात घेऊन चालायची वेळ येते. आणि नवी कोरी पैठणी नकोच.

भाकरी, सुकट आणि साहित्य

डोंबिवलीला सांस्कृतिक नगरी म्हणायची पद्धत आहे. पु. भा. भावे इथे राहिले, शं. ना. नवरे इथे राहिले, गाण्याचे क्लास गल्लोगल्ली, नाटकाला हाउसफुल्ल. सगळं खरंय. पण ही गोष्ट सांगताना आपण बहुतेकदा गाडीने इथे आलेल्यांचीच सांगतो. मुंबईत जागा परवडेना म्हणून आलेले नोकरदार, त्यांचे ब्लॉक, त्यांच्या सोसायट्या. आमचं घरही त्यातलंच.

त्याआधी इथे भोपर होतं, आयरे होतं, सागाव, सोनारपाडा, निळजे होतं. भातशेती, मिठागरं आणि खाडी यांच्यावर जगणारी आगरी माणसं होती. नंतर एमआयडीसी आली, इमारती आल्या, आणि शेतांची नावं बसस्टॉपवर तेवढी उरली. या डोंबिवलीला भेटायचं असेल तर डिसेंबरात आगरी युथ फोरमचा आगरी महोत्सव भरतो, तिकडे जा. ठिकाण सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुल, घरडा सर्कलजवळ. तव्यावरून थेट पानात पडणारी तांदळाची भाकरी, सुकट, बोंबील, चिंबोरीचा रस्सा. तो लाल आगरी मसाला नाकात गेला की डोळ्यांत पाणी, आणि तरी हात थांबत नाही. पण खाण्याच्या नादात धवले ऐकायचे विसरू नका. आगरी लग्नातली ही गाणी. ती म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण, आणि तिच्याशिवाय लग्न लागत नाही अशी पद्धत. एवढी वर्षं दोन किलोमीटरवर राहून मी हा शब्दसुद्धा ऐकला नव्हता. शेजारी बसलेल्या एका आजींनी मला तो समजावला. त्या ज्या गावच्या, त्या गावाचं नाव मी रोज रिक्षावाल्याच्या तोंडून ऐकत होते.

एक गंमत सांगते. फेब्रुवारी २०१७ मध्ये ९० वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत झालं. याच क्रीडासंकुलात. अध्यक्ष होते डॉ. अक्षयकुमार काळे आणि साहित्यनगरीला नाव दिलं होतं पु. भा. भावेंचं. पण यजमान कोण होतं? आगरी युथ फोरम. म्हणजे आमच्या सांस्कृतिक नगरीत साहित्याचा मांडव घातला तो इथल्या भूमिपुत्रांनी. मी तेव्हा कॉलेजात होते. संमेलन घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर होतं आणि तिन्ही दिवस मी गेले नाही. असाइनमेंट होती म्हणे.

एक द्या, एक घ्या

जानेवारीची गोष्ट पुस्तकवाल्यांसाठी. डोंबिवलीची पै फ्रेंड्स लायब्ररी गेली काही वर्षं पुस्तकांच्या आदान-प्रदानाचा मोठा उपक्रम करतेय. आपली वाचून झालेली पुस्तकं न्यायची, ती देऊन तिथली दुसरी निवडायची. घरी माळ्यावर पडलेल्या 'कुणीतरी वाढदिवसाला दिलेल्या' पुस्तकांचं काय करायचं, या जागतिक प्रश्नावर इतका सोपा उपाय मी दुसरीकडे पाहिला नाही.

मी एमबीएच्या प्रवेश परीक्षेची दोन गाइडं (वापरली नाहीत, दिसतंच आहे) आणि यशस्वी कसं व्हावं हे सांगणारी तीन पुस्तकं नेली. खरी मजा पुस्तक मिळण्यात नाहीच. दुसऱ्याचं पुस्तक उघडल्यावर पहिल्या पानावर जे सापडतं त्यात आहे. 'चि. सौ. कां. हिस, सासरी जाताना' असं शाईने लिहिलेलं एक मला मिळालं. ही ताई आता आजी झाली असेल. पुस्तक माझ्या गोरेगावच्या शेल्फवर आहे. पुढच्या वेळी परत न्यायचं, असं ठरवलंय. पण मन होत नाहीये.

डब्यातला दसरा

आणि एक कार्यक्रम असा, की त्यासाठी स्टेशनच्या उलट्या दिशेने नाही, सरळ स्टेशनातच जायचं. दसऱ्याच्या आधीच्या कामाच्या दिवशी सकाळची लोकल पकडा. लेडीज डब्यात झेंडूची तोरणं, पताका, आंब्याची पानं. खिडकीपाशी देवीचा फोटो. आदल्या महिन्यात 'चौथी सीट' वरून एकमेकींशी कडाकडा भांडलेल्या दोघी त्याच फोटोसमोर शेजारी उभं राहून आरती म्हणत असतात. वर्गणी निघते, प्रसाद वाटला जातो, कुणीतरी डब्यातल्याच निवृत्त होणाऱ्या ताईंची ओटी भरतं. हळदीकुंकू, डोहाळेजेवण, सगळं याच डब्यात होतं. ठाणे येईपर्यंत कार्यक्रम आटोपायचा असतो, कारण मग चढणाऱ्यांना जागा लागते. इतकं वेळेवर चालणारं दुसरं फंक्शन दाखवा!

थोडं कडूही

सगळंच गोड आहे असं सांगितलं तर तुम्हाला वाटेल, मला डोंबिवलीच्या नगराध्यक्षाने पाठवलंय. (नगराध्यक्ष नाही आता, १९८३ पासून महापालिका आहे.) तर ऐका. रस्त्यावर चालायला फुटपाथ शोधावा लागतो. यात्रेच्या मार्गावर शुभेच्छांचे फ्लेक्स इतके, की कमान कुठे संपते आणि दाढीवाला फोटो कुठे सुरू होतो ते कळत नाही. ढोल ऐकायला सुंदर असतात, पण डीजेच्या भिंतीशेजारी तान्हं बाळ घेऊन उभ्या असलेल्या आईला विचारा. आणि यात्रा संपल्यावर रस्त्यावर जे ग्लास आणि प्लेटा पडलेल्या असतात, त्या दुपारी उन्हात कोण उचलतं, ते आम्ही निघून गेल्यामुळे आम्हाला दिसत नाही. २०२५ ला मी थांबले होते, म्हणून दिसलं. पालिकेचे सफाई कामगार होते. त्यांचाही पाडवाच होता.

पण सगळ्यात जास्त बोचलं ते वेगळंच. ते त्या वहीत सापडलं.

पाडव्याच्या दुपारी आईने वही माझ्या हातात दिली. "आता तूच लिही. माझं अक्षर मलाच लागत नाही." मी चाळली. २०१९ च्या पानावर नावं दोन्ही बाजूंना भरलेली, समासातसुद्धा. २०२५ चं पान अर्ध्यावर संपलेलं. जी नावं होती त्यातली बहुतेक २०१९ चीच. नवं नाव शेवटचं. माझं. त्याच्यापुढे आईने कंसात लिहिलं होतं, 'एका रात्रीपुरती'.

आपण म्हणतो, डोंबिवलीत काय चालतं? ठाण्यात, वसईत, बदलापुरात काय चालतं? चालतं खूप. पण ते चालवणाऱ्यांचं सरासरी वय साठीला आलंय आणि त्यांचे गुडघे धरलेत. उपनगरातला कुठलाही उत्सव आपोआप होत नाही. कुणीतरी मार्चमधल्या उकाड्यात रात्री नऊ वाजता एखाद्या शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर कसंबसं बसून मीटिंग घेतं, म्हणून तो होतो. आपण मात्र तेव्हा लोकलमध्ये असतो. दमलेले असतो, हे खरंच आहे. मीही होते. पण वर्षात एक रात्र? तेवढं तर आपण पबच्या बाहेर रांगेतही उभे राहतो.

मी काही डोंबिवलीला परत राहायला गेलेले नाही. गोरेगावचा फ्लॅट आहे, तिथून स्टेशन जवळ आहे, आणि सकाळी मला झोप प्रिय आहे. पण आता महिन्यातून एक-दोन रविवार दादरला गाडी बदलून डाउन लोकलमध्ये बसते. समोरून येणाऱ्या गाडीला दारात लोंबकळणारी माणसं असतात, आणि माझ्या डब्यात मी पाय पसरून खिडकीत. मुंब्र्याचा डोंगर जातो, खाडी जाते, दिवा जातं. डोंबिवलीला उतरून मी डावीकडच्या गल्लीत वळते. तिथे एक वाचनालय आहे. इतकी वर्षं तिथेच होतं.

वही माझ्या बॅगेत असते. त्यातला तो कंस मी अजून खोडलेला नाही. पुढच्या पाडव्याच्या पानावर आतापर्यंत सात नावं आलीत. त्यात एक नागपूरचं आहे. शंख तिच्याकडे दिलाय.

डायरीत लिहून ठेवा

नक्की तारखा त्या त्या वेळच्या फलकांवर बघून घ्या. गणेश मंदिर, वाचनालयं आणि नाट्यगृह यांच्या बाहेरचे फलक सगळ्यात भरवशाचे.

जानेवारी: पै फ्रेंड्स लायब्ररीचं पुस्तक आदान-प्रदान. फाटकी पुस्तकं नेऊ नका, लाज वाटेल.

फेब्रुवारी-मार्च: महाशिवरात्रीला कल्याण-शीळ रस्त्यावर खिडकाळेश्वराच्या जुन्या शिवमंदिरात गर्दी असते. एरवीच्या संध्याकाळी तिथलं तळं शांत.

मार्च-एप्रिल: गुढीपाडव्याची स्वागतयात्रा. सकाळी लवकर फडके रोड गाठा. आदल्या रात्री आलात तर चाळणी आम्ही देऊ.

सप्टेंबर-ऑक्टोबर: दसऱ्याच्या आधीची लोकल. प्रसाद मिळेल, सीटची खात्री नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: दिवाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी फडके रोड.

डिसेंबर: आगरी महोत्सव, क्रीडासंकुल. रिकाम्या पोटी जा.

वर्षभर: सावित्रीबाई फुले नाट्यगृहात शनिवार-रविवारची नाटकं.

कसं जाल: मध्य रेल्वेने डोंबिवली, पूर्वेला उतरा. रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक कुठे आहे ते बघा. नाहीतर 'बाप रे, रोज?' हा प्रश्न तुम्हाला एका दिवसातच पडेल.